कोटेशनमधली खोडलेली ओळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आमची सात जणांची वेब डेव्हलपमेंट कंपनी आहे. वैद्यकीय तपासण्या करणाऱ्या एका संस्थेची वेबसाईट नव्याने करायचं काम हातात येऊ घातलंय. अपॉइंटमेंटचा फॉर्म, रिपोर्ट डाउनलोड करायची सोय, बारा-पंधरा माहितीपर व्हिडिओ आणि जुन्या साईटवरच्या तीनेकशे पीडीएफ असा पसारा आहे. कोटेशनमध्ये मी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी: एकूण खर्चाच्या २० टक्के’ अशी वेगळी ओळ टाकली होती, म्हणजे अंध आणि इतर अपंग लोकांनाही साईट वापरता यावी यासाठीच्या कामाची. क्लायंटने नेमकी तेवढीच ओळ खोडून कोटेशन परत पाठवलं. सोबत निरोप: ‘आमच्याकडे अंध लोक जवळजवळ येतच नाहीत. दुसऱ्या टप्प्यात बघू.’ माझा भागीदार म्हणतो, ओळ काढ आणि काम घे. फारच वाटलं तर तो खर्च बाकीच्या ओळींत मुरवून टाक, नाहीतर बाजारात मिळणारं एखादं प्लगइन बसवून दे. आमची डिझायनर म्हणते, असं अर्धवट काम मी करणार नाही. ओळ काढू, लपवू, की काम सोडू? आणि मुळात २० टक्के हा आकडा बरोबर आहे का?

उत्तर:

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण सगळी गोम तिथेच आहे. हे २० टक्के आले कुठून? कुणाच्या तरी बोलण्यात ऐकलेले असणार. कुणी दहा सांगतं, कुणी पंचवीस. मीही पूर्वी पंधरा लिहायचे, आणि पंधराच का, असं कुणी विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. जरा क्लायंटच्या खुर्चीत बसून ते कोटेशन वाचा. होम पेजला इतके तास, फॉर्मला इतके, टेस्टिंगला इतके. आणि मग एकदम एक शब्द आणि त्याच्यापुढे पाचवा हिस्सा. त्यात काय मिळणार, नाही घेतलं तर काय अडणार, काहीच लिहिलेलं नाही. खर्च कमी करायला बसलेल्या माणसाची कात्री तिथेच चालणार. मीही तीच ओळ खोडली असती.

त्यामुळे क्लायंटला अपंग लोकांचं काही पडलेलं नाही, असं लगेच धरून चालू नका. तुम्ही त्याला एक ठोकळा दिलात आणि हवा की नको एवढंच विचारलंत. त्याने नको म्हटलं.

असा ठोकळा केवढा फुगू शकतो याचं एक जुनं उदाहरण आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या वेबसाईटबद्दल ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी जून १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. मागण्या साध्या होत्या: चित्रांना आणि चित्रातल्या लिंकना मजकुराचा पर्याय द्या, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीकडे जाता येऊ द्या, निकालांचे तक्ते वाचता येतील असे करा. आयोजकांनी हिशेब मांडला तो असा की एका माणसाने रोज आठ तास काम केलं तर ३६८ दिवस लागतील. मॅग्वायर यांच्या बाजूने टॉम वर्दिंग्टन आणि युट्टा ट्रेव्हिरानस या तज्ज्ञांनी साक्ष दिली. आयोजकांनी धरलेले पानांचे नमुने (टेम्प्लेट) जास्त आहेत आणि प्रत्येक नमुन्यासाठी धरलेला वेळही अवाच्या सवा आहे, असं त्यांचं म्हणणं. आयोगाला तेच पटलं. ऑगस्ट २००० मध्ये निकाल विरोधात गेला, आयोजकांनी दुरुस्त्या अर्धवटच केल्या, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. साईट तीच होती, मागण्याही त्याच होत्या. काम नेमकं किती आहे ते कुणी सुटं करून मोजलं आणि कुणी ढोबळ ठोकलं, यावर आकडा कुठल्या कुठे गेला.

तेव्हा तुमची ओळ सुटी करू या. माझ्या मते तिच्यात तीन वेगवेगळी कामं कोंबलेली आहेत.

पहिलं काम म्हणजे निव्वळ कारागिरी. तुमच्या अपॉइंटमेंटच्या फॉर्मवरचा ‘मोबाईल नंबर’चा रकाना घ्या. डेव्हलपरने त्या शब्दांना लेबलचा टॅग दिला आणि तो रकान्याशी जोडला, तर स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) म्हणतो, ‘मोबाईल नंबर, एडिट’. जोडला नाही, तर म्हणतो नुसतं ‘एडिट’. पुढच्या रकान्यावरही ‘एडिट’. त्याच्या पुढच्यावरही. फॉर्म लिहिताना लेबल जोडायला जास्तीचा वेळ लागत नाही; त्याच ओळीत हात फिरतो. बटणाचंही तसंच. एचटीएमएलमध्ये बटणाचा टॅग आयता आहे. तो वापरला की टॅब दाबून तिथे पोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात, स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणून ओळखतो. तो सोडून साध्या डिव्हला, म्हणजे नुसत्या चौकटीच्या टॅगला, रंगवून बटण केलं, तर हे सगळं हाताने लिहावं लागतं, आणि लिहिलं नाही तर कीबोर्डवाल्याच्या लेखी ते बटण तिथे नसतंच. म्हणजे इथे नीट काम करणंच स्वस्त पडतं. याचे पैसे वेगळे मागायचे कशाला?

रंगांचं उदाहरण तुमच्या डिझायनरला नक्की आवडेल. डब्ल्यूसीएजी, म्हणजे आपण बोलताना ज्याला ‘विकॅग’ म्हणतो ती वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीची मार्गदर्शक तत्त्वं, त्यांच्या एए या मधल्या पातळीला साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ लागतो. पांढऱ्यावर ७७७७७७ या कोडचा राखाडी रंग ४.४८ ला येऊन हुकतो. ७६७६७६ हा ४.५४ ला पास होतो. नुसत्या डोळ्यांना दोन्हींतला फरक कळणारसुद्धा नाही. पहिल्या दिवशी हा बदल करायला एक मिनिट लागतं. चाळीस स्क्रीन मंजूर झाल्यावर करायचा म्हटलं की तीन मीटिंगा, दोन रुसवे आणि एक नवी ब्रँड गाइड.

वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीवर काम करणारी वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख होम पेजेस यंत्राने तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या. यातली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट पुढे आहे: सापडलेल्या चुकांपैकी सुमारे ९६ टक्के चुका फक्त सहा प्रकारच्या होत्या. फिका मजकूर, चित्राला अल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) नसणं, रकान्याला लेबल नसणं, रिकामी लिंक, रिकामं बटण, आणि पान कुठल्या भाषेत आहे तेच न सांगणं. यातल्या एकाही प्रकाराला कोटेशनमध्ये वेगळी ओळ लागू नये. ही कामं तुमच्या तासाच्या दरातच असायला हवीत. गवंडी भिंत ओळंब्यात असण्याचे वेगळे पैसे लावत नाही.

आता एक जरा टोचेल असं सांगते. तुमच्या टीमला या गोष्टी आज हाताच्या सवयीने येत नसतील, तर तुमच्या २० टक्क्यांत तुमच्याच शिकण्याची फी दडलेली आहे. ती या क्लायंटकडून घेऊ नका. ती तुमच्या कंपनीची गुंतवणूक. पुढच्या दहा कामांत वसूल होईल.

दुसरं काम मात्र खरंच वेगळं असतं, त्याला वेळ लागतो, आणि त्याला नावागावासकट स्वतंत्र ओळी हव्यात. व्हिडिओची कॅप्शन्स. पीडीएफ. कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर घेऊन माणसाने केलेली तपासणी. अपंग वापरकर्त्यांसोबतच्या बैठका. तपासणीत निघालेल्या गोष्टी दुरुस्त करणं. साईट पुढे चालवणाऱ्यांना शिकवणं. आणि कॅलेंडरसारखे किचकट कंपोनंट.

कॅलेंडरपाशी मी जरा थांबणार आहे, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सभागृह-आरक्षणाची साईट आम्ही केली. तारीख निवडायला देखणं कॅलेंडर होतं. रिकाम्या तारखा गडद, भरलेल्या फिक्या. तेव्हाही क्लायंट ‘दुसऱ्या टप्प्यात बघू’ म्हणाला होता आणि मी मान डोलावली होती. दुसरा टप्पा आला तेव्हा त्यात चॅटची खिडकी आणि नवं बॅनर होतं. मग एक दिवस संस्थेतून फोन आला की एक बाई तक्रार घेऊन आल्यात, येऊन बघा. मी गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या स्क्रीन रीडर वापरत होत्या. त्यांनी बाणाची कळ दाबत कॅलेंडर ऐकायला सुरुवात केली. ‘एक, क्लिकेबल. दोन, क्लिकेबल. तीन, क्लिकेबल.’ महिना कुठला, कळत नव्हतं. भरलेल्या तारखा नुसत्या फिक्या होत्या, आणि फिकेपणा ऐकू येत नाही. त्यांनी अकरा तारीख निवडली. वर लाल अक्षरांत ‘ही तारीख उपलब्ध नाही’ आलं, ते मी वाचलं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी चौदा निवडली, मग अठरा. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, ‘या महिन्यात एकही दिवस मोकळा नाही का हो?’ त्या महिन्यात सोळा दिवस मोकळे होते.

ते कॅलेंडर आम्ही काढूनच टाकलं. त्या जागी मोकळ्या तारखांची साधी यादी दिली, प्रत्येक तारखेपुढे रेडिओ बटण. नऊ दिवस गेले. त्यातले सात जुनं उकरण्यात गेले, कारण ते लिहिणारा मुलगा सोडून गेला होता. पैसे आमच्या खिशातून गेले, कारण क्लायंटचं म्हणणं रास्त होतं: तुम्हीच केलेलं चालत नाहीये. नंतर कळलं की यादी बाकीच्यांनाही बरी वाटत होती. सुरुवातीलाच यादी केली असती तर कॅलेंडरच्या निम्म्या वेळात झाली असती. म्हणून तुम्हाला सुचवते: तुमच्या अपॉइंटमेंटच्या फॉर्ममध्ये कॅलेंडरचे जे तास धरलेत ते काढा, मोकळ्या वेळांची यादी धरा, आणि वाचलेले तास तपासणीकडे वळवा. बजेट म्हटलं की आपण नुसती भरच घालत बसतो, वजाबाकी सुचत नाही.

पीडीएफचंही तेच. तीनशे पीडीएफ सुगम करायच्या म्हटल्या तर तुमच्या २० टक्क्यांतले निम्मे तिथेच संपतील, आणि मला खात्री आहे की त्यातल्या बहुतेक कुणी उघडतही नाही. क्लायंटकडून मागच्या वर्षभराचा डाउनलोडचा हिशेब मागवा. ज्या रोज लागतात, म्हणजे तपासणीच्या आधी काय खायचं-प्यायचं नाही वगैरे सूचना, त्या पीडीएफमध्ये ठेवूच नका, साधी पानं करा. फोनवर वाचणाऱ्याचेही हाल वाचतील. जुन्या परिपत्रकांची एक यादी आणि ‘वाचता येत नसेल तर कळवा, इतक्या दिवसांत वाचता येईल अशी प्रत देऊ’ एवढी ओळ, हा प्रामाणिक तोडगा आहे. मात्र ते कळवल्यावर उत्तर द्यायला कोण बसणार, त्या माणसाचं नाव क्लायंटकडून घ्या.

तिसरं काम राखणीचं. साईट सुरू होते त्या दिवशी सगळं ठीक असतं. तीन महिन्यांनी कुणीतरी सवलतीची जाहिरात चित्र म्हणून चढवतं, त्यातला सगळा मजकूर चित्रात. कुणीतरी हेडिंगच्या जागी नुसती अक्षरं ठळक करतं. देखभालीच्या करारात महिन्याला चार-पाच तास याच्यासाठी धरा. बास. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, पण धरले नाहीत तर पहिली दोन कामं वर्षभरात वाहून जातात.

आता क्लायंटच्या वाक्याकडे येते. ‘अंध लोक जवळजवळ येतच नाहीत.’ त्याला हे कसं कळलं, हे त्याला नक्की विचारा, टोमणा न मारता. समोरचा स्क्रीन रीडर वापरतोय हे वेबसाईटला कळत नाही. भेटींच्या आकडेवारीत तसा रकानाच नसतो. जो फॉर्मच्या दुसऱ्या रकान्यावर अडकून निघून गेला, तो आकडेवारीत दिसलाच तर ‘फॉर्म अर्धवट सोडला’ म्हणून दिसतो. पायऱ्यांवरून व्हीलचेअर येत नाही, म्हणून व्हीलचेअरवाले आमच्याकडे येत नाहीत म्हणण्यासारखं आहे हे. शिवाय प्रश्न फक्त अंधांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे. दर सहांत एक. आणि तुमचा क्लायंट तर तपासणी केंद्र चालवतो. त्याच्याकडे येणाऱ्यांत हात थरथरणारे, कमी दिसणारे, मोठ्या अक्षरांशिवाय न वाचणारे लोक सरासरीपेक्षा जास्तच असणार, कमी कसे असतील?

या मुद्द्यावर बरेच जण ‘अ‍ॅक्सेसिबिलिटीचा फायदा सगळ्यांनाच होतो’ असं पटवायला लागतात. खोटं नाही ते. पण मला ते थोडं खटकतं. जणू अंध माणसाला रिपोर्ट वाचता यावा हे कारण एकटं पुरेसं नाही. तुमच्या कामात तर ते पुरेसं आहेच. स्क्रीन रीडरला वाचता न येणारा रिपोर्ट मिळाला की त्या व्यक्तीला तो दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. भावाकडून, शेजाऱ्याकडून, ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून. कुठल्या तपासणीचा रिपोर्ट असेल याची कल्पना करा. हे क्लायंटला एकदा सांगा आणि गप्प बसा.

भागीदाराच्या प्लगइनबद्दल: नको. साईटवर कोपऱ्यात एक गोल चिन्ह येतं, अक्षरं मोठी करा, रंग बदला वगैरे. ज्यांना ही सोय लागते त्यांच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये ती आधीपासून असते. लेबल नसलेल्या रकान्याचं लेबल काय असावं, हे प्लगइनला कुठून कळणार? कॅलेंडरचं तर नावच काढू नका. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असं प्लगइन विकणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली. आमच्या साधनाने कुठलीही साईट डब्ल्यूसीएजीप्रमाणे होते, हा दावा फसवा आहे असा ठपका होता, आणि १० लाख डॉलर भरायला सांगितले. त्या ओळीवर एक पैसाही घालू नका.

मग लपवायचं का? पहिलं काम दरात मुरलेलं असणं याला मी लपवणं म्हणत नाही. दुसरं काम मुरवायला माझा विरोध आहे, आणि तो नीतीपेक्षा अनुभवातून आलेला आहे. कागदावर नसलेलं काम शेवटच्या पंधरवड्यात पहिलं कापलं जातं. कापतोही आपणच, क्लायंटला पत्ता लागत नाही. म्हणून ते लिहा, फक्त टक्क्यांत लिहू नका. ‘वेळ ठरवणे, रिपोर्ट उतरवणे, लॉगिन आणि संपर्क या चार वाटा फक्त कीबोर्डवर आणि दोन स्क्रीन रीडरवर, दोन फेऱ्यांत तपासणे’ अशी ओळ खोडताना हात थबकतो. आणि काम पूर्ण झालं असं केव्हा मानायचं, त्या अटींत ‘डब्ल्यूसीएजी २.२, एए पातळी’ हे शब्द घाला. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ए आणि एए मिळून ५५ निकष आहेत. ‘१०० टक्के अ‍ॅक्सेसिबल’ असं मात्र कुठेही लिहून देऊ नका. पेमेंटचं पान, नकाशा अशा बाहेरून आणलेल्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत. त्यांची नावं अपवाद म्हणून लिहा.

आकड्यांचा अंदाज हवा असेल तर माझी मांडणी सांगते. ही माझी सवय आहे, नियम म्हणून घेऊ नका. समजा काम १००० तासांचं आहे. डिझाईन पक्कं होण्याआधी त्याची तपासणी १५ तास. यंत्राने होणाऱ्या तपासण्या रोजच्या बिल्डमध्ये (कोडमधून साईट तयार करण्याच्या प्रक्रियेत) जोडायला ८. वर सांगितलेल्या चार वाटा माणसाने दोनदा तपासायला ४०. अपंग वापरकर्त्यांसोबत चार बैठका, तयारीसकट २०. त्यांचं मानधन वेगळं, आणि ते द्यायचंच, ‘तुमच्याच भल्यासाठी आहे’ म्हणून फुकटात बोलवायचं नाही. दुरुस्त्यांना ४०. हे ४० सगळे विसरतात! तपासणीचे पैसे धरतात, आणि अहवाल आला की दुरुस्तीला तासच उरलेले नसतात. साईट चालवणाऱ्यांना शिकवायला ६. झाले १२९. व्हिडिओची कॅप्शन्स याच्या बाहेर: आपोआप तयार होणारी कॅप्शन्स माणसाने नीट करायला व्हिडिओच्या लांबीच्या चार-पाच पट वेळ धरा. तपासण्यांच्या आणि औषधांच्या नावांची तिथे वाट लागलेली असते.

यंत्रावर भिस्त ठेवून माणसाच्या तपासणीचे ते ४० तास वाचवायचा मोह होईल. अ‍ॅक्स, वेव्ह, लाइटहाउस ही आपोआप तपासणारी साधनं चांगली आहेत, फुकटात मिळतात, रोज वापरा. पण ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१७ मध्ये एका पानात मुद्दाम १४० हून जास्त अडथळे पेरून अशी साधनं तपासली, तेव्हा सगळ्यांत चांगल्या साधनालाही निम्मेसुद्धा अडथळे सापडले नाहीत. चित्राला अल्ट टेक्स्ट आहे एवढं यंत्र सांगतं. त्यात ‘आयएमजी ४०२’ लिहिलंय की उपयोगाचं काही, हे माणूसच सांगणार.

हे सगळं करूनही क्लायंट दुसऱ्या कामातल्या काही ओळी खोडेल. खोडू दे. व्हिडिओ थांबू शकतात, जुनी परिपत्रकं थांबू शकतात. वेळ ठरवणं आणि रिपोर्ट मिळणं, या दोन वाटा थांबू शकत नाहीत. तिथे अडून बसा. जे गाळलं ते गाळलं म्हणून एका ईमेलमध्ये लिहून पाठवा, तारखेसह. आणि त्यात कायद्याचं एक वाक्य असू दे, धमकीचा सूर न लावता. बऱ्याच देशांत हा आता ऐच्छिक मामला राहिलेला नाही. युरोपीय संघात तर २८ जून २०२५ पासून अनेक डिजिटल सेवांना सुगम्यतेचा कायदा लागू झालाय. तुमच्या क्लायंटला काय लागू होतं, ते त्याच्या वकिलाला विचारू दे. काम सोडायची वेळ यावी असं मला तरी तुमच्या पत्रात काही दिसलं नाही. पहिल्या प्रकारचं काम करू नका, असं कुठलाही क्लायंट म्हणत नाही. लेबलं काढा असं कोण सांगेल? तुमच्या डिझायनरला हे सांगा. ती रागावली आहे ते योग्यच आहे, फक्त तिला ऑफिसात ठेवून तुम्ही एकटे मीटिंगला जाऊ नका.

मीटिंगमध्ये स्लाइड नकोत. क्लायंटची सध्याची साईट उघडा, माऊस उचलून बाजूला ठेवा, आणि त्याला म्हणा, उद्या सकाळची वेळ घेऊन दाखवा. फक्त टॅब, एंटर आणि बाणाच्या कळा. मग त्याच्याच फोनवर व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅक हा फोनमधला स्क्रीन रीडर सुरू करून द्या. दोन्हींपैकी एक त्याच्या खिशात आधीपासून आहे. विंडोज असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. दहा मिनिटं पुरतात. मधे मदत करू नका.

पण त्याआधी एक काम. तुमच्या पत्राखाली कंपनीच्या साईटचा पत्ता होता. मी आज सकाळी तिथे माऊसशिवाय जाऊन आले. मेनू ठीक आहे. संपर्काच्या फॉर्मवर मात्र टॅबची कळ तिसऱ्यांदा दाबल्यावर फोकस, म्हणजे कीबोर्डने आपण कुठे आहोत ती खूण, कुठे गेला ते दिसेना, आणि ‘पाठवा’ हे बटण मला शेवटपर्यंत सापडलं नाही, बहुतेक डिव्ह असावं. त्या एका फॉर्मपासून सुरुवात करा. डिझायनर आणि एक डेव्हलपर बसवा, घड्याळ लावा, आणि शोधायला किती वेळ गेला, दुरुस्त करायला किती, पुन्हा तपासायला किती, ते वेगवेगळं लिहून ठेवा. नवं कोटेशन करताना माझे १२९ बाजूला ठेवा आणि ते तीन आकडे घ्या.